खोली नंबर तीन

सावद्याच्या बाहेर, पत्र्याच्या शेडमागे
केळी पिकवायच्या तीन थंड खोल्या.
मी रात्रपाळीचा. दार उघडायचं, दार लावायचं,
आणि मधल्या वेळात
केळ्यांना ताप आहे का ते बघायचं.

हसू नका. त्यांना ताप येतो.
तोडलेलं केळं मेलेलं नसतं, श्वास घेतं,
आणि दुसऱ्या रात्री, हिरव्याचं पोपटी होता होता,
आतून तापायला लागतं.
हाताला कळत नाही, सुईला कळतं.
खुपसतो गरात: एकोणीस.
कडेच्या क्रेटमध्ये सोळा.
कड नेहमी सुखी, तिला वारा लागतो.
मधल्याच्या चारी बाजूंना मधलेच,
त्याने आपली ऊब द्यावी कोणाला?
शेजारीही तेवढाच तापलेला.

पहिल्या वर्षी हे कळलं नव्हतं.
जागा वाचवायची म्हणून ओळी चिकटून लावल्या.
वारा वरच्या वर फिरून गेला,
पाहुणा ओट्यावरूनच परतावा तसा.
पाचव्या दिवशी साल पिवळीधमक
आणि आत शिजलेला लगदा.
लीलाधरशेठ बोरोले काही बोलले नाहीत.
एक केळं सोललं, माझ्या हातात दिलं.
मी पूर्ण खाल्लं.
तेव्हापासून दोन ओळींत चार बोटं सोडतो.

खोलीत लोखंडी रॅक आहे, खाली लाकडी फळ्या.
रॅकला हात लावला की थंडी चावते,
फळी मात्र मवाळ.
मला वाटायचं, लोखंड जास्त गार.
हुरमत तडवी, मशीनचा मिस्त्री,
त्यानं दोन्हीवर काटा धरून दाखवला. सोळा. सोळा.
"तुले गार नाही लागत, भो.
तुहीच ऊब जाते.
लोखंड हिसकावते,
लाकूड इचारून इचारून घेते."
त्या रात्री मी उगाच
सगळ्या वस्तूंना हात लावत हिंडलो.
प्लास्टिक. दाराचं रबर.
भिंतीतला थर्माकोल,
त्याला माझ्याकडून काहीच नको होतं.

बाहेर मे महिना. रात्री दोनला छत्तीस.
दिवसभर प्यायलेलं ऊन भिंती आता सोडत असतात.
झुळूक नाही, भिंतीला बोट लावलेलं नाही,
तरी गालाला कळतं भिंत कुठे आहे.
डोळे मिटून मी शेडला वळसा घालू शकतो.

मागच्या गल्लीत मशीनचा पंखा.
केळ्यांचा सगळा ताप तिथून बाहेर,
त्यात मशीनचा स्वतःचा, त्यात थोडा माझा.
तिथे निंबाबाई सरोदे खाट टाकते.
झोपायला नाही, वेडी आहे का ती.
खाटेवर जुनं लुगडं, लुगड्यावर ज्वारीच्या बिबड्या.
दिवसा त्यांना धूळ, माकडं, पोरं,
रात्री फक्त हा कोरडा झोत.
अर्धओली एखादी मला देते,
सोबत मूठभर शेंगदाणे.
"तुमच्या केळ्यांनी वाळवली," म्हणते.

परवा वीज गेली. जनरेटर खोकला आणि बसला.
पंखे थांबले तशी खोली नंबर तीन
एवढी शांत झाली की मी घाबरलो.
दार उघडून भागणार नव्हतं,
बाहेरचं छत्तीस टपूनच होतं.
झोत थांबला म्हणून निंबाबाई विचारायला आली.
सांगितलं तिला. तिनं पदर खोचला.
दार ओढून घेतलं, बॅटरी फळीवर ठेवली,
मधले क्रेट कडेला, कडेचे मध्ये,
पुन्हा मधले कडेला.
एकोणीस. वीस. वीसच.
पंखा नव्हता, तर आम्हीच वारा,
दोन माणसांचा, कमरेत वाकलेला,
उचलून उचलून वाहणारा.
आमच्या अंगाची ऊबही त्याच खोलीत चालली होती,
हे लक्षात आलं, पण थांबून काय करणार.

पावणेपाचला दिवे आले.
निंबाबाईनं बाहेर येऊन कपाळ पुसलं,
"आत बरं होतं," म्हणाली,
आणि खाटेवर वाकून एकेक उलटवायला लागली.
त्या रात्रीच्या बिबड्या
जरा कमीच वाळल्या.